वेचा बंद

नाल्याच्या पुलावर जाईबाई थांबली अन् ओटीतून शेंगदाण्यांची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"गुरुवार हाय ना तुमचा. चक्कर येऊन पडसान तं मलेच उचला लागन."

बार्शीटाकळीचं शिक्षण खात्याचं ऑफिस अजून लांब होतं. मागून गावातल्या बाया येत होत्या.

जाईबाई आमच्या गावच्या कापूस वेचणाऱ्या बायांची पुढारीण. ती म्हणेल त्याच वावरात बाया उतरतात. यंदा दिवाळीची सुट्टी संपली, पण गावातली शाळा उघडली नाही. पट कमी झाला, लेकरांना पलीकडच्या गावी पाठवा, असं ऑफिसातले साहेब म्हणाले. वाटेत हाच नाला. पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं. जाईबाईची तिसरीतली नात पिंकी घरी बसली.

त्याच आठवड्यात मी वावरात सीतादही केली. कापसाच्या झाडापुढे दहीभात ठेवला, हात जोडले. ही पूजा झाली की वेचा सुरू होतो. एकही बाई आली नाही.

आमच्या रागिणीचे बाबा जाईबाईच्या दारी गेले. "रोजाचे पैसे वाढवून देतो, जाईबाई."

"रोज नोका वाढवू. शाळा उघडा."

"शाळा का मी बंद केली?"

"मंग कापूस का मी पेरला?"

आता पुलाच्या कठड्यावर टेकून ती सासऱ्याचं सांगत होती. देवराव छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले अन् गावातलं मेलेलं ढोर ओढणं त्यांनी सोडलं. गावानं त्यांचं काम बंद केलं, विहीर बंद केली. ढोर सडत पडलं. शेवटी गावालाच ओढावं लागलं.

"बुढा म्हणे, हात आपले हायेत, कुठी लावायचे ते आपून ठरवू. त्याच हातानं त्यानं शाळेच्या विटा वाह्यल्या. अन् मी तिचं कुलूप पाहत बसू?"

ते ढोर आमच्याच गोठ्यातलं असेल. मी शेंगदाणे खात राहिले.

"मला कावून आणलं सोबत?" मी विचारलं.

"तुमाले साहेब खुर्ची देते."

ऑफिसात तसंच झालं. साहेबांनी मला खुर्ची दिली. जाईबाईनं भिंतीजवळची दुसरी ओढली अन् माझ्या बाजूला बसली. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"पट भरून दाखवा, मग शाळेचा प्रस्ताव वर पाठवतो," ते म्हणाले. "तुमच्याच गावची अर्धी लेकरं व्हॅनमध्ये बसून अकोल्याला कॉन्व्हेंटात जातात. मी काय करू?"

 आम्ही परत निघालो. पुलाजवळ आलो तर मागून तीच व्हॅन आली. खिडकीतून रागिणीनं मला हात केला. धूळ बसेपर्यंत जाईबाई पदर नाकाला लावून उभी राहिली.

"वहिनी, साहेब खोटं नाई बोलला," ती म्हणाली. "पटासाठी लोकायच्या पोरी मी मागून आणतो. पयले तुमची द्या. सोमवारी शाळेच्या पायरीवर रागिणीले पिंकीच्या बाजूले बसवा."