महांतेशनं ‘येस’ दाबलं

कोल्हापुरात माणसाला काहीही विचारा, तो आधी ‘व्हय की’ म्हणतो आणि प्रश्न काय होता ते मागाहून बघतो. शाहूपुरीतला लाउडस्पीकरवाला महांतेश तर या बाबतीत पुढारीच.

दोन हजार सात साली त्यानं रेकॉर्डिंगचं नवं मशीन घेतलं. काखेत मावणारं, पण आठ ट्रॅकचं. म्हणजे गाणारीचा आवाज एका वाटेनं, पेटी दुसरीनं, टाळ तिसरीनं, आणि मागाहून हवी ती वाट कमीजास्त करायची. पहिलं काम त्यानं निव्वळ हौसेनं केलं. चंदगडकडच्या धोंडुबाईचे बारशातले पाळणे, अर्धे मराठी, अर्धे कानडी, कुठंही लिहून न ठेवलेले. म्हातारी एसटीनं आली, वळणावळणावर ओकली, तोंड धुऊन दुकानात बसली आणि एका दमात अकरा पाळणे म्हणून गेली.

“मी गेल्यावर पोरींस्नी ऐकाय होतील,” एवढंच म्हणाली.

आता ते मशीन कॉम्प्युटरला जोडायचं होतं.

“आधी पुस्तक वाचा,” बायको शिवलीला म्हणाली.

“व्हय की,” म्हणत महांतेशनं पुस्तकावर चहाचा कप ठेवला आणि वायर खुपसली.

पुस्तकात लिहिलं होतं की गाणी आधी मशीनमध्येच कॉम्प्युटरला कळतील अशी करून घ्या, मगच जोडा. कारण मशीन लिहितं स्वतःच्या लिपीत. कॉम्प्युटरला ती लिपी येईना, म्हणून त्यानं ठरवलं की इथं काहीच लिहिलेलं नाही. त्यानं अदबीनं विचारलं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? महांतेशला फॉरमॅट म्हणजे तहसील कचेरीतल्या अर्जाचा नमुना ठाऊक. बिचारा नीट मांडून देतोय, करू दे की! त्यानं ‘येस’ दाबलं आणि पुढं सरकणारी हिरवी पट्टी कौतुकानं बघत चहा संपवला.

पट्टी भरली. मशीन रिकामं झालं.

त्यानं धोंडुबाईच्या शेजारी फोन लावला. खरं सांगायचंच ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. “अव्वा, त्या दिवशी तुमचा आवाज जरा बसल्यागत आलाय. परत म्हणाय लागंल.”

पलीकडनं म्हातारी म्हणाली, “मलाबी वाटलंच हुतं बाबा. वय झालं. तुला उगंच तरास दिला.”

त्या दिवसापासून महांतेशला भाकरी गोड लागेना. आठवड्यानं शेजारणीनं फोनवर सांगितलं की म्हातारीनं ताक सोडलंय, हळदीच्या गुळण्या करतीय, आणि गावातल्या बारशाला गायलीच न्हाय. ‘माझा आवाज गेलाय,’ म्हणतीय.

शिवलीलानं ऐकलं. “बोटानं केलं ते केलं, जिभेनं कशाला केलंसा?” एवढंच बोलली आणि त्याची पिशवी भरून दिली.

चंदगडच्या गाडीत यावेळी वळणं मोजायची पाळी महांतेशची होती. धोंडुबाई दारातच बसली होती, गळ्याला फडकं गुंडाळून.

“अव्वा, तुमचा आवाज झ्याक आलता. मीच समदं पुसलं. आणि खोटं बोललो.”

म्हातारीनं आधी फडकं सोडलं. मग जी सुरुवात केली ती कानडीत, म्हणजे शिव्या नीट बसाव्यात म्हणून. महांतेशला दोन्ही भाषा येत, त्यामुळं एकही वाया गेली नाही.

“शेजारच्या पोरीच्या लेकाच्या बारशाला मी मुकी बसले रं! त्ये बारसं परत घालशील?”

महांतेशनं पिशवीतलं मशीन काढून तिच्यापुढं ठेवलं. बऱ्याच वेळानं तिनं घरात हाक मारून ताक मागवलं, घटाघटा प्याली आणि म्हणाली, “लाव तुझा डबा.”

ती गायली. खणखणीत. दहा पाळणे झाले आणि ती थांबली. ओठ हलत राहिले.

“त्या दिवशी तुझ्या दुकानात आणि एक आठवलाता. आईचा हुता. आत्ता येईना बघ.”

“असू दे अव्वा, थांबतो मी.”

“थांबून येतोय व्हय? आपसूक येतोय त्यो.”

परतीची शेवटची गाडी आली, गेली. महांतेश डबा चालूच ठेवून बसला होता, आणि दहाव्या पाळण्यापुढं त्यात भरत होतं ते निव्वळ म्हातारीचं पुटपुटणं, आणि मध्येच तिचं, “तू काय करशील रं, जेव आता.”