शुक्रवारचा धूर

मला वास लवकर येतात. दूध नासायच्या आधी मला कळतं, आणि माणूस थाप मारायच्या बेतात असेल तर तेही. बँकेत सह्या पडताळण्यात माझी निम्मी नोकरी गेली. समोर आलेली गोष्ट आधी खोटी धरायची आणि मग ती खरी ठरते का ते पाहायचं, ही सवय तिथलीच. माझे यजमान म्हणतात, तुझ्या नाकाला पोलीस खात्याने पगार द्यायला हवा. ते हसून म्हणतात, पण मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

त्यांच्या हृदयात स्टेंट बसला तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं होतं, की आता एकही सिगरेट म्हणजे मरणाला आमंत्रण. यांनी तिथल्या तिथे माझी शपथ घेतली. मग गिंडीतल्या सरकारी ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी बसले. इथे तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, दिवसभर ते आणि माझ्या सासूबाई असतात. आमच्या कऱ्हाडकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. मी सकाळी बँकेत जाते ती संध्याकाळी येते. शपथ पाळली जाते की नाही हे बघायला घरात कोण? आई तर लेकाचीच बाजू घेणार.

त्यामुळे आमच्या असोसिएशनने बिडी-सिगरेटवर बंदी आणली तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं. आधी जिना आणि पार्किंग, मग गच्ची, मग बाल्कनी. आमच्या वरच्या मजल्यावर असोसिएशनचे सेक्रेटरी राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या नातीला दमा आहे. पोरीचा खोकला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. शेवटी त्यांनी मांडलं की घराच्या आतही ओढायची नाही, कारण सगळ्या स्वयंपाकघरांची हवा ज्या सामाईक डक्टमध्ये जाते, त्यातून धूर वर येतो. पेरुंगुडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणारा एक भाडेकरू उठून म्हणाला, की दार लावल्यावर माझ्या घरात मी काय करतो ते तुम्ही कसं ठरवणार? मी त्याला ऐकवलं, की बाबा, तू दार लावतोस, पण धूर दाराशी थांबतो का? लोक हसले. मी हात वर केला. माझ्या गैरहजेरीत नवऱ्यावर अख्ख्या बिल्डिंगचा पहारा बसणार होता, तोही फुकट.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका संध्याकाळी घरात शिरले आणि स्वयंपाकघराच्या पडद्याला तंबाखूचा वास आला.

यांना विचारलं तर म्हणाले, खालून आला असेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी यांचे शर्ट धुवायला टाकायच्या आधी हुंगायला लागले. खिशात वेलदोडे सापडले. पूर्वी कधी वेलदोडा न खाणारा माणूस आता खिशात वेलदोडे घेऊन फिरतो म्हणजे काय? मी आत्यांकडे बघितलं तर त्या टीव्हीवरची तमिळ मालिका बघत होत्या, त्यातला एक शब्द कळत नसताना. रात्री हे शेजारी शांत घोरायचे आणि मी त्यांचा श्वास मोजत पडायचे. राग तर होताच, पण खरं सांगायचं तर भीती जास्त होती. मला विधवा व्हायचं नव्हतं, आणि खोटारड्याची बायकोही.

एका रविवारी सकाळी सेक्रेटरी दारात उभे राहिले. बोलायला अवघडलेले. म्हणाले, "मॅडम, उंग वीट्टुलेर्न्दु दान वरुदु." तुमच्याच घरातून येतोय. दोन दिवसांपूर्वी दुपारी नातीचा दमा फार वाढला, म्हणून त्यांनी डक्टशी नाक लावून खात्री केली होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

त्याच सकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सगळी मंडळी बसलेली. सेक्रेटरींनी विषय काढला, नाव मात्र घेतलं नाही. मी म्हणणारच होते की आमच्या घरात कोणी ओढत नाही, काय माहीत कोणाचं आहे ते. तेवढ्यात हे उठले आणि हात जोडून म्हणाले, "नान दान. सॉरी सार." मीच तो.

यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. पेरुंगुडीच्या त्या भाडेकरूने माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. जिना चढून घरी आले आणि मग किती दिवस यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं, औषधं समोर ठेवायची, बस. आत्या मधे एकदा म्हणाल्या, की गप बसण्यानं माणूस सुधारत नाही.

मग समुद्रात वादळ आलं आणि पावसाचा इशारा म्हणून बँकेतून आम्हाला दुपारीच सोडलं. वेलचेरीत पाणी तुंबायला वेळ लागत नाही, सगळे आपापल्या घराकडे पळाले. बिल्डिंगमध्ये शिरले तर जिन्यातच वास. म्हटलं, आज सापडला चोर मुद्देमालासकट. बेल वाजवली नाही, माझ्या किल्लीने दार उघडलं.

स्वयंपाकघरात गॅसपाशी आत्या उभ्या होत्या. गॅसवर आमचा बिडाचा तवा, जो हरवला म्हणून मी मोलकरणीवर संशय घेतला होता. तव्यावर तंबाखूची पानं काळी पडत आलेली, आणि आत्या उलथन्याने ती परतत होत्या. हे खिडकीशी ओला टॉवेल घेऊन धूर बाहेर हाकलत होते.

मशेरी. आत्या जन्मभर भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना लावत आलेल्या. मागे तोंडात जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी बंद करायला सांगितली आणि मी स्वतः त्यांचा डबा कचऱ्यात टाकला. त्यांनी तेव्हा काहीच म्हटलं नाही, यावरूनच मला शंका यायला हवी होती. कऱ्हाडहून जाऊबाई कांदा-लसूण चटणीचं पार्सल पाठवायच्या, त्यात चटणीच्या खाली तंबाखू यायचा. चटणीचा वास इतका जबर की माझं नाकही फसलं.

आत्यांनी गॅस बंद केला नाही. म्हणाल्या, "थांब, करपंल. मग बोल."

मी थांबले. तवा उतरवल्यावर त्या म्हणाल्या, "तोंड माझं, हिरड्या माझ्या. जखम झाली तर मी भोगीन. या वयात तुमची बिल्डिंग मला दात घासायला शिकवणार?"

मी वरच्या पोरीच्या दम्याचं सांगितलं. पोरीचा खोकला त्यांनीही ऐकलेला होता. मग हळूच म्हणाल्या, की डक्ट म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पंख्याने धूर बाहेर जातो एवढंच माहीत. आणि तव्यावरची पानं पितळेच्या डब्यात भरायला लागल्या. मला दोघींचंही पटत होतं, पोरीचंही आणि म्हातारीचंही, आणि याचाच जास्त राग आला.

यांना बाहेरच्या खोलीत नेऊन विचारलं, की चारचौघांत स्वतःवर का घेतलं? म्हणाले, आईचं नाव आलं असतं तर ती परत त्या जिन्यातून मान वर करून चालली नसती.

"आणि मला? मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू डबा पुन्हा फेकला असतास."

ते खरं होतं. मी त्या दिवशी रडले. हायसं वाटून रडले, कारण माझा माणूस ओढत नव्हता. शपथ शाबूत होती.

मग मार्गही मीच काढला. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदारी सांब्राणी जाळतात. निखाऱ्यावर ऊद टाकून, देवापुढे ओवाळून, घरभर धूर फिरवायचा. जिना पांढरा होतो. वरची पोर तेव्हाही खोकते, सेक्रेटरी तिला गच्चीवर घेऊन जातात आणि कोणी मीटिंग बोलवत नाही. देवाच्या धुराला नियम लागत नाही. आता आत्यांची मशेरी महिन्यातून एकदा, शुक्रवारी, त्याच वेळी भाजली जाते. डक्टचा पंखा बंद, खिडकी उघडी, आणि बाकीच्या शुक्रवारी सवय मोडू नये म्हणून आम्हीही सांब्राणी जाळतो. बंदीसाठी हात वर करणारी मी, आता टॉवेल माझ्या हातात असतो.

सगळं सुरळीत चाललं आहे. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या रविवारी हे उठून "मीच तो" म्हणाले ते शुद्ध खोटं होतं, आणि मी, जन्मभर सह्या पडताळणारी, ते खरं समजले. आवाज कापला नाही, डोळा हलला नाही. ज्याला न केलेलं "केलं" म्हणून इतकं बेमालूम सांगता येतं, त्याला केलेलं "नाही केलं" म्हणून सांगणं कितीसं जड? आणि ते वेलदोडे कशाला होते, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, आणि ते मला खरंच वाटेल.

हे रोज तलावाकडे फिरायला जातात ते सकाळी. अलीकडे शुक्रवारी संध्याकाळीही जायला लागलेत. म्हणतात, धुराने जीव घुसमटतो. परत येतात तेव्हा मी दारातच त्यांच्या हातातून पिशवी घेते, जरा जवळ जाते, श्वास आत ओढते. केसांना, शर्टाला, माझ्या स्वतःच्या पदराला सगळीकडे ऊद, कधी मशेरीही. आठवड्यातली तेवढी एकच संध्याकाळ मला दुसरा कसलाच वास येत नाही.