लाल शेपटीचा उंदीर

परदेशातल्या वाळवंटात मी उंदीर बघायला जाते, हे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आईने कुणाला धड सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं तर "रिसर्च करते" म्हणायची आणि विषय बदलायची. या वाळवंटातल्या उंदरांची पाठ हरणाच्या रंगाची, पोट पांढरंशुभ्र, म्हणून त्यांना हरणउंदीर म्हणतात, हे मी तिला किती कौतुकाने सांगितलं होतं. "उंदीरच ना पण?" एवढंच ती म्हणाली.

या खेपेला सुट्टीवर आले तेव्हा तिकडून पुन्हा बोलावणं आलेलं होतं, आणि आता काम काही वर्षांचं होतं. बाबा गेल्यापासून आई एकटी. तिला हे कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून तिकडचे फोन मी खोलीचं दार लावून घ्यायचे. नेमका तेव्हाच आमच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला. आई तर खूशच झाली.

"दाखव आता तुझं शिक्षण," ती म्हणाली.

पिंजऱ्यात कांदाभजी अडकवली, सकाळी उंदीर आत. वाळवंटात पकडलेल्या प्रत्येकाला सोडण्याआधी खूण करतात, म्हणजे पुन्हा सापडला तर ओळखता येतो. सवयीने मी माझ्या नेलपॉलिशने त्याच्या शेपटीचं टोक लाल केलं. आमच्या इथे उंदीर मारत नाहीत, गणपतीचं वाहन ना. पिंजरा ओढणीखाली झाकायचा आणि शेजारच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे रिकामा करायचा. पुण्यही पदरात पडतं आणि घरही स्वच्छ होतं.

थोड्या दिवसांनी पिंजऱ्यात तीच लाल शेपटी. पुन्हा सोडला, पुन्हा आला. मी हरखून गेले. लांब नेऊन सोडलं तरी हरणउंदीरसुद्धा घराची वाट शोधत कसे परततात, यावर मी आईला भाषणच दिलं. ती भजीचं पीठ कालवायची थांबून ऐकत राहिली. माझ्या कामातलं काही तिने एवढं मन लावून पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं.

मग एका सकाळी भिंतीपाशी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका भेटले. त्यांच्या हातात कापडी पिशवी, माझ्या हातात ओढणीखाली रिकामा पिंजरा. शेवटच्या वेळी सोडला होता तो अजून परतला नव्हता, म्हणून मी त्याला शोधायला गेले होते.

"वॉकला का?" काका म्हणाले.

"हो. तुम्ही?"

"मीपण."

त्यांच्या पिशवीत खुडबुड झाली. पिशवी सरकली आणि आतल्या पिंजऱ्याच्या तारांतून शेपटीचं लाल टोक बाहेर आलं.

"लय हुशार आहे यार हा," काका ओशाळून म्हणाले. "कितीदा तुमच्या बाजूला सोडला, परत आमच्याच घरी हजर!"

माझ्या सगळ्या संशोधनाची तिथेच वाट लागली. घरी येऊन हसत हसत आईला सांगितलं. ती हसली नाही.

"म्हणजे तो आपला आपण येत नव्हता," ती म्हणाली. "कुणीतरी आणून सोडत होतं."

"हो ना."

ती ओट्याकडे वळली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

"फोनवर केवढ्याने बोलतेस गं. तुझं जायचं ठरलंय, मला कधीच कळलंय. जा तू. फक्त तिकडच्यांना सांगून ठेव, काम झालं की आणून सोडा म्हणावं."