गेंड्याची दाढ

राजेहो, हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही — बायकोजवळही नाही. अन् मी काही गप्प बसणारा माणूस नाही, हे तुम्हाले पाच मिनिटांत समजनच.

टेकडीतल्या गुहेचा मी चौकीदार हाय. सरकारी कुलूप, सरकारी बोर्ड, किल्ली माह्या कमरेले. आतमंधी हजारो वर्षांआधीच्या जनावरायची हाडं सापडली. कोणतं हाड कोणाचं, मले इचारा! नजर लागते बाप्पा त्याले — असं मी सगळ्यायले सांगतो. खोटं नाही, नजर हाय मले. पण तवा — तवा नव्हती.

खोदकाम चालू होतं. माती चाळायले आम्ही दोघं, मी अन् टेकडीखालच्या तांड्यावरची सोनीबाई. मले ती भिया म्हणे, म्हणजे भाऊ. एकदा चाळणीवर काळा गोटा राह्यला. मी तो फेकून देल्ला. तिनं जाऊन उचलला, पुसला, जिभेले लावला. खोदकामाच्या साहेबानंच शिकवलं होतं — जुनं हाड जिभेले चिकटते, गोटा चिकटत नाही. अन् चिकटला ना! गेंड्याची दाढ निघाली. आपल्या यवतमाळात गेंडा, सांगा!

सापडल्या वस्तूसंगं पुडीत चिठ्ठी टाकायची, ज्याले सापडली त्याचं नाव लिहून. सोनीबाईले लिहिता येत नव्हतं. चिठ्ठ्या मीच लिहो.

"भिया, माह्यं नाव लिवलं ना?"

"लिवलं ना वं बाई."

काय लिहिलं होतं? माह्यं नाव. काहून? भेव होता? छे. ज्याची नजर चांगली, त्याले गुहेवर कायम ठेवू, असं साहेब बोलले होते. मले ते पाहिजे होतं, बस. मले ठेवलं. ती शेळ्या चारायले गेली — अजूनही इथंच, टेकडीखाली चारते.

मागच्या हिवाळ्यात शाळेतली पोरं गुहा पाहाले आली. मी दाढेची गोष्ट सांगतली — मी कशी ओळखली, मी कशी जिभेले लावली. हो, तेही माह्यंच केलं मी! त्या पोरायत सोनीबाईची नात होती. मले काय ठाऊक?

दुसऱ्या दिवशी सोनीबाई शेळ्या सोडून कुंपणापाशी आली.

"नात म्हणे, दाढ तुले सापडली. चिठ्ठीत कोणाचं नाव हाय, भिया?"

दोघंच होतो. तिसरं कोणी ऐकणारं नव्हतं. तवा तरी —

"तुह्यंच," मी म्हणलं. "पोट्टी कायबी सांगते."

सोनीबाई हासली. तिचा माह्यावर भरोसा होता.

संध्याकाळी तिनं नातीले मारलं, खोटं बोलली म्हणून. रडणं वर गुहेपर्यंत येत होतं. मी उभ्यानं ऐकलं, कुलूप लावलं अन् घरी गेलो.