विहिरीचं तेल

त्या मेकॅनिकच्या दोन बोटांपुढे मी आजही हात जोडतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी पारोळ्याला मास्तर होतो आणि हौसेनं एक जुनी मोटार घेऊन बसलो होतो. दिवाळीला ती घेऊन रावेरकडच्या आमच्या गावी जाऊन आलो. पुढे डिसेंबरची थंडी पडली आणि गाडी सकाळी उठायचं नाव घेईना. सुरू झालीच तर इंजिनाच्या वरच्या बाजूनं खडखड वाजायची. एक जण म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. तेवढी माझी ऐपत नव्हती, गाडी विकावी लागली असती. पंधरा दिवस मी आधीच्या मालकाच्या नावानं खडे फोडत होतो.

थोरला भाऊ गावाहून केळीचा घड घेऊन आला, त्याच्यासमोरही मी तेच बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी गाडी ढकलत बाजार समितीजवळच्या मेकॅनिककडे नेली.

त्यानं बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढली, थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीनं चोळला, हुंगला. मग काचेच्या तुकड्यावर तो थेंब ठेवला, शेजारी आपल्या डब्यातला एक, आणि काच तिरपी धरली. त्याचा थेंब सरळ खाली आला. आमचा जागेवरच बसून राहिला.

"हाई तेल गाडीनं नही, भाऊ. विहीरवरना इंजिननं शे."

विहिरीवर पाणी उपसणाऱ्या इंजिनाचं तेल, माझ्या गाडीत! इंजिनाला त्यानं पानासुद्धा लावला नव्हता.

"म्याच टाकलं," थोरला भाऊ खाली बघत म्हणाला. "दिवाळीले तू झोपेल होता तव्हा. तुह्या गाडीतलं पाण्यावानी पातळ दिसे. मले वाटलं, बिघडलं."

मला संताप आला, पण मेकॅनिकसमोर गिळला.

"इंजिनले काही व्हयनं नही," मेकॅनिक म्हणाला. "थंडीमा जाड तेल वर चढत नही, बस."

त्यानं ते तेल काढून पातळ तेल भरलं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, खडखड हळूहळू थांबली. एवढं मोठं यंत्र एका थेंबात कळतं, यावर माझा अजून विश्वास बसत नव्हता.

मग एक गोष्ट डोक्यात आली. दिवाळीच्या सुमाराला भावाकडे तेलाचा एकच डबा होता, विहिरीच्या इंजिनासाठी आणलेला.

"मग विहिरीवर काय टाकलं?"

"तुह्या गाडीतलं निंघालं ते. फेकाचं कशाले?"

त्याची सगळी केळीची बाग त्या एका इंजिनाच्या पाण्यावर उभी होती. चांगलं तेल त्यानं माझ्या खटाऱ्याला दिलं होतं, आणि पंधरवडाभर मी शिव्या देत होतो त्या खरं तर त्यालाच लागत होत्या. मला त्याच्याकडे बघवेना.

मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली, दुकानातून जाड तेलाचा नवा डबा घेऊन मागच्या सीटवर ठेवला आणि भावाला शेजारी बसवून गावाकडे निघालो.