दहा पावलांवरचा माठ

लोटन वाचायला शिकला तो लष्करात. लढाईच्या वेळी आसामकडच्या विमानतळावर पेट्रोलचे डबे वाहता वाहता त्यानं अक्षरं गिरवली, आणि तिथं एकाच नळावर सगळ्यांबरोबर पाणीही प्याला. अमळनेरजवळच्या महारवाड्यात परत आला तेव्हा वाचन राहिलं, नळ सुटला. गावात पाणी पुन्हा वरून, ओंजळीत.

१९५८ साली मुंबईची एक विमान कंपनी धरणगावच्या बाजूला कपाशीवर औषध मारायला आली. शेत सपाट करून धावपट्टी, एक लहानसं विमान आणि वीस-बावीस माणसं. चुना मिसळलेली जहाल भुकटी विमानाच्या पोटात भरायचं काम कुणाला दिलं, हे सांगायला हवं का? लोटनला. पण गडी कामाला वाघ. कंपनीच्या साहेबानं त्याला शब्द दिला होता: हंगाम संपला की मुंबईला फिटरच्या हाताखाली कायमची नोकरी. त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, मुंबईसाठी पत्र्याची पेटीसुद्धा आणून ठेवली होती.

साहेब भला माणूस. कागदावर तर फारच भला. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालेला, म्हणून पहिल्याच दिवशी त्यानं झाडाखालच्या माठाशेजारी कागद चिकटवला: माठ सर्वांसाठी एकच, कुणालाही मज्जाव नाही. वाचून दाखवायला वाचता येणारा गडी एकटा लोटन. त्यानं खणखणीत वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबाची जीप गेली आणि मुकादम रुपचंदनं तांब्या उचलून आपल्याकडे ठेवला.

"तुला लागलं की हाक मार लोटन, मी टाकत जाईन," तो म्हणाला, आणि अगदी मायेनं म्हणाला.

लोटननं वाद घातला नाही. मुंबईला जायचं होतं ना त्याला! दोन महिन्यांसाठी कशाला तंटा?

एका सकाळी पोतं ओतताना वारा फिरला आणि भुकटी उलटून लोटनच्या डोळ्यांत गेली. नुसती आग आग झाली. माठ दहा पावलांवर, काठोकाठ भरलेला. लोटन चाचपडत तिथवर पोचला आणि थांबला. वाकून त्यानं ओंजळ धरली.

"आबा, डोयामा गयं. पानी टाका."

आबा म्हणजे मुकादम रुपचंद, तो तिकडे धावपट्टीच्या पार टोकाला विमानाला खूण करायला झेंडा घेऊन उभा. इंजिनाच्या घरघरीत हाक कुठली पोचते? बाकीचे गडी बघत होते, पण पाणी टाकायचं काम मुकादमाचं. लोटन तसाच वाकलेला, ओंजळ तशीच धरलेली. मूर्खपणा म्हणाल, तर म्हणा बापडे. जन्माची सवय डोळ्यांतल्या आगीला भारी पडली, आणि ती सवय त्यानं काही हौसेनं लावून घेतली नव्हती. रुपचंद धावत आला, त्यानं तांब्यावर तांबे ओतले, रडलाही. पण उशीर झाला होता. धुळ्याच्या दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा लोटननं विचारलं, खिडकी लावलीय का? खिडकी सताड उघडी होती. कमलबाईनं नुसता पदर तोंडात धरला.

पंधरा दिवसांनी त्याच झाडाखाली चौकशी झाली.

"लोटनराव, माठ समोर होता," साहेब म्हणाला. "नियम तुम्हीच वाचून दाखवला होतात. मग पाणी का घेतलं नाहीत?"

लोटननं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"टाकणारं कोणी नव्हतं, साहेब."

साहेबाला खरंच काही कळलं नाही. त्यानं लिहून टाकलं: पाणी उपलब्ध, नियम स्पष्ट, कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा. मुंबईची जागा रद्द. खाली लोटनची सही हवी होती. लोटननं लेखणी मागून घेतली, पण कागद कुठं सुरू होतो तेच त्याला कळेना. साहेब म्हणाला, अंगठा चालेल.

रुपचंदनं तेव्हा पहिल्यांदा लोटनचा हात आपल्या हातात धरला. अंगठा शाईत बुडवून कागदावर नीट दाबला आणि हात सोडून माठाकडे गेला. लोटनला पाणी ओतल्याचा आवाज आला.

"शाई लागली रे हाताला," रुपचंद तिकडून म्हणाला.