वाट्यांची आंघोळ

रोलिंग मिलमधून निघालेला पातळ पत्रा हाताने उचलायला चार माणसं लागतात. चौघं एकाच वेळी उठले तर पत्रा नीट उचलला जातो, पण चौघं एकाच वेळी कधीच उठत नाहीत. एक जण तंबाखू थुंकायला वळतो, दुसरा त्याच्यावर खेकसतो, आणि तेवढ्यात पत्र्याच्या पोटात घडी पडते. घडी पडलेला पत्रा भंगारात जातो आणि चौघं एकमेकांच्या घराण्याचा इतिहास काढत बसतात.

या चौघांची सुट्टी करणारं यंत्र आपण बनवायचं, असं माझ्या दाजींनी ठरवलं. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांची शेड आहे. मी तेव्हा एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शेडवर जाऊन चहा प्यायचा आणि कामात अडथळा आणायचा, हा माझा नेम होता.

शेड मूळची दाजींच्या वडिलांची. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी हयातभर गुऱ्हाळाचे चरक केले. ऊस पिळणारे ते जाडजूड लाट त्यांच्या हातचे असले की मोडत नसत. धंद्याची अडचण नेमकी तीच होती. एकदा चरक नेलेला माणूस पुन्हा फिरकायचा तो फक्त मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला. त्यातच गुऱ्हाळं कमी होत गेली. शेडमध्ये काम कमी आणि त्याविषयीची चर्चा जास्त, अशी अवस्था आली.

त्यावर आप्पांनी उपाय काढला होता. एक मंडपवाला शेड भाड्याने मागत होता. त्याला खुर्च्या, गाद्या आणि नवरा-नवरीचा सोफा ठेवायला जागा हवी होती. दाजींना सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या एका मिलकडून यंत्राची ऑर्डर मिळाली, तेव्हा बाप-लेकात तोंडी करार झाला.

"हे यंत्र पास झालं तर शेड तुझी," आप्पा म्हणाले. "न्हाय झालं तर खुर्च्या येत्यात. मग भांडायचं न्हाय."

"न्हाय भांडत."

"आन रुसायचं बी न्हाय."

मंडपवाल्याला धीर नव्हता. त्याने लाल खुर्च्यांची एक चळत आधीच आणून कोपऱ्यात ठेवली. यंत्र आकार घेत होतं तसतशी दाजींची नजर दिवसातून अनेकदा त्या चळतीकडे जायची.

यंत्र सांगायला साधं आहे. वर रुळावरून सरकणारी एक चौकट, आणि तिच्या खालच्या अंगाला रबराच्या काळ्या वाट्या, तोंडं जमिनीकडे. चौकट पत्र्यावर टेकते, पंप वाट्यांमधली हवा ओढून घेतो, पत्रा चिकटतो. चौकट पत्र्यासकट वर उठते, रुळावरून पुढे जाते आणि पत्रा रोलरच्या रांगेवर ठेवते. पुढे रोलर त्याला घेऊन जातात. कुणी थुंकायला वळत नाही, कुणाचं घराणं निघत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी यंत्राने दिवसभर पत्रे उचलले. तपासणीसाठी मी सुट्टीला जोडून रजा घेतली होती, त्यामुळे हे स्वतः पाहिलं. दाजींनी एक पत्रा हवेत लटकवून ठेवला आणि चहा प्यायला गेले. परत आले तरी तो तसाच होता. आप्पा त्याच्याखालून दोनदा मुद्दाम चालत गेले. त्यांचा विश्वास बसला होता की त्यांना काही सिद्ध करायचं होतं, हे कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलचे साहेब आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात जाडी मोजायचा व्हर्नियर, चेहऱ्यावर लवकर परत जायची घाई. मिलची जुनी लाइन दुरुस्तीसाठी बंद होती आणि तेवढ्या मुदतीत हे यंत्र तिथे बसायला हवं होतं. आज पास झालं तर ट्रक भरायचा, नाहीतर मिल पुण्याहून तयार यंत्र उचलणार. साहेबांनी हे पाणी पिण्याआधीच सांगून टाकलं. बसायला त्यांना लाल खुर्ची मिळाली. मंडपवाल्याच्या खुर्च्या सोडल्या तर दुसरी खुर्ची शेडमध्ये नव्हती.

आप्पा पूजेचं ताट घेऊन तयार होते. शेडमधून कुठलंही यंत्र पूजेशिवाय बाहेर पडलेलं नव्हतं आणि पूजेला आप्पांचा नियम होता. यंत्राच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या पट्टीवर, कुंकू लावून भागत नसे. मालाला यंत्राचं तोंड जिथे लागतं, तिथे बोट लावायचं. चरकाला ते लाटांवर लागायचं. पहिल्या उसाबरोबर हळद, कुंकू, अक्षता सगळं पिळून निघायचं आणि तो पहिला रस देवापुढे ठेवायचा. पहिलं बोट गिऱ्हाइकाचं, हा दुसरा नियम.

"या पावणं," आप्पा साहेबांना म्हणाले. "पहिलं बोट तुमचं."

"माझं कशाला? मी तपासायला आलोय."

"तपासा की. देवाचं झाल्यावर तपासा. कोण धरतंय तुम्हाला?"

साहेब भाविक निघाले. त्यांनी व्हर्नियर खिशात ठेवला, बूट काढले, आणि चौकटीखाली वाकून एकेका वाटीच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं. त्यांच्या मागून आप्पांनी हळद लावली. मग साहेबांनी अक्षता चिकटवल्या. त्यांची निष्ठा अशी की एकही वाटी त्यांनी सोडली नाही. शेवटी आप्पांनी चौकटीच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि अर्धं पाणी वाट्यांवर शिंपडलं. दाजी तेव्हा फाटकाशी ट्रकवाल्याला थोपवून धरत होते. परत आले तेव्हा त्यांनी सगळं पाहिलं, पण शेडची भिंत दिसावी तसं. पूजा ही पाहण्याची गोष्ट आहे असं त्यांना जन्मापासून कधी वाटलेलं नव्हतं.

"चालू करा," साहेब म्हणाले.

चौकट खाली आली. पंप सुरू झाला. पत्रा उठला, कमरेइतका आला, आणि मग त्याचा एक कोपरा सावकाश खाली झुकला. एखाद्याला सभेत डुलकी लागते तसा. दाजींनी बटणाकडे हात नेला तोवर दुसरा कोपरा सुटला आणि पत्रा जमिनीवर आला. पातळ पत्रा पडल्याचा आवाज एकदाच येत नाही. तो आदळतो, थरथरतो आणि बराच वेळ स्वतःविषयी बोलत राहतो. शेजारच्या शेडमधले लोक दारात येऊन उभे राहिले. कुणी काही विचारलं नाही. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना पुरेशी माहिती मिळाली होती.

"पुन्हा," साहेब म्हणाले.

दुसरा पत्रा उठलाच नाही. पंप ओढत होता, वाट्या फुसफुसत होत्या, पत्रा जागच्या जागी.

यानंतर तज्ज्ञांचं मत घेण्याचा नेहमीचा कार्यक्रम झाला. दाजी म्हणाले, नळी गळतेय. फिटर म्हणाला, नळी कालच बदलली. साहेब म्हणाले, पंप लहान आहे. शेजारच्या शेडवाल्याने दारातूनच सांगितलं की वीज कमी दाबाने येतेय. आप्पा म्हणाले, पत्राच वंगाळ हाय. प्रत्येकाने आपलं निदान दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. बातमीत याला तांत्रिक बिघाड म्हणतात आणि तेवढ्यावर काम भागतं. इथे भागणार नव्हतं. दाजींच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता आणि ते कोपऱ्याकडे बघायचं टाळत होते.

"हे बघा," साहेब उठत म्हणाले, "मला पास करता येत न्हाई. तुम्ही मानसं चांगली आहात. पण पत्र्याला ते कळत न्हाई."

ते बूट घालायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. पंपाच्या अलीकडे नळीवर एक पारदर्शक भांडं असतं. हवेबरोबर आलेला कचरा आत जाऊ नये म्हणून ते बसवतात. ते साहेबांच्या डोळ्यांसमोर आलं होतं. भांड्यात गुलाबी पाणी होतं आणि त्यात तांदूळ तरंगत होते.

"येन्री हे?" साहेब म्हणाले. "सरबत बनवता काय यात?"

दाजी खाली बसले. भांडं पाहिलं. मग चौकटीखाली जाऊन वर पाहिलं. प्रत्येक वाटीच्या ओठावर ओल्या कुंकवाचा थर होता आणि थरात तांदूळ रोवलेले होते. तांदळाच्या दोन्ही बाजूंनी हवा आत शिरायला पुरेशी फट होती. रबराच्या वाटीला चिकटायला स्वच्छ तोंड लागतं. इथे एकेका तोंडात अक्षता होत्या.

मग साहेबांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोट अजून लाल होतं.

"मला लावा म्हणाले, म्हणून लावलं," ते म्हणाले.

"लावा म्हणलो," आप्पा म्हणाले. "लिंपा न्हाय म्हणलो."

कारण सापडलं होतं. उपाय म्हणजे एक फडकं. फडकं टेबलावर पडलेलं होतं, पण ते कुणी उचलेना.

"पुसून घ्या की," साहेब फिटरला म्हणाले.

फिटर दोन पावलं मागे गेला. "कुंकू? मी न्हाय बाबा पुसणार. घरात लगीन हाय."

"मग तुम्ही पुसा," साहेब दाजींना म्हणाले.

दाजींनी फडकं हातात घेतलं आणि आप्पांकडे पाहिलं.

"हात लावशील तर बघ," आप्पा म्हणाले. "लावलेलं कुंकू पुसायचं न्हाय. या शेडमधी कधी पुसलं न्हाय. चरकाचं आपसूक निघायचं. हे यंत्र ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

"आप्पा, तांदूळ निघाला की पत्रा उचलतंय."

"मग तांदूळ काढ. कुंकू ठेव."

"दोन्ही एकातच हायत."

"मग बस तसाच."

साहेबांनाही हे पटलेलं दिसलं. त्यांनी लावलेलं कुंकू त्यांच्या समोर पुसलं जावं, हे त्यांना रुचणार नव्हतं. ते घड्याळ बघत होते, पण पुसा असं पुन्हा म्हणाले नाहीत. एक पास होण्यासारखं यंत्र, ते पास करायला तयार झालेला माणूस आणि बाहेर उभा ट्रक, एवढं सगळं एका फडक्यावर अडलं होतं.

आक्का चहा घेऊन आली ती या टप्प्यावर. तिने कपबश्यांचा ट्रे टेबलावर ठेवला. दाजींच्या हातातलं फडकं, आप्पांचा चेहरा आणि पंपाचं गुलाबी भांडं तिने पाहून घेतलं. काय झालं ते तिला तिघांनी एकाच वेळी सांगितलं.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "या यंत्राला नवरा हाय व्हय?"

"तोंड सांभाळ."

"न्हाय, विचारलं. नवराच न्हाय तर कुंकू पुसल्यानं कोण मरणार हाय?"

शेजारच्या शेडवाला हसला आणि लगेच खोकला. आप्पा रागाने लाल झाले. आक्का पुढे बोलली, आणि तिचा आवाज जरा खाली आला.

"पुसू नका. आंघोळ घाला. देवाला रोज घालता की. त्यावेळी कालचं गंध जातंय का ऱ्हातंय?"

आप्पांनी यावर बराच विचार केला. ते चौकटीभोवती एक फेरी मारून आले. कोपऱ्यात गेले, खुर्च्यांच्या चळतीवरची धूळ हाताने झटकली आणि परत आले. एवढा वेळ कुणी चहाला हात लावला नाही.

"कोमट पाणी आण," ते शेवटी म्हणाले. "आन साबण घरातला आण. हितला हात धुवायचा नको."

आंघोळ त्यांनी स्वतः घातली. फिटर पुढे झाला तर त्याला कोपराने मागे सारलं. दाजींना बादली धरायला लावली. उघड्या अंगाने, कमरेत वाकून, आप्पांनी एकेका वाटीचं तोंड बोटाने चोळून धुतलं. काहीतरी पुटपुटतही होते; मंत्र होता की शिव्या, हे जवळ उभं राहूनही ठरवता आलं नाही. साहेबही अनवाणीच उभे होते. शेवटी आप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने वाट्या टिपून कोरड्या केल्या. न्हालेल्याला कोरडं करतात तसंच ते होतं, त्यामुळे पुसल्याचा मुद्दा कुणी काढला नाही.

फिटरने पंपाचं भांडं रिकामं केलं. चौकट खाली आली.

पत्रा उठला. कमरेइतका, छातीइतका, डोक्याइतका. रुळावरून पुढे गेला, रोलरवर उतरला आणि शेडच्या टोकापर्यंत एकाही घडीशिवाय गेला. साहेबांनी असे पत्रे जेवणाची वेळ टळेपर्यंत उचलायला लावले. एक पत्रा हवेत असताना आप्पा सवयीप्रमाणे त्याच्याखालून गेले. या वेळी ते मध्येच थांबले, वर पाहिलं, आणि दाजींना म्हणाले, "धरतंय की रं."

यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी मुलाचं माझ्या देखत कधी केलेलं नाही.

साहेबांनी यंत्र पास केलं, पण एक अट घातली. मिलमध्येही भाविक माणसं आहेत, तेव्हा यंत्रावर तशी सूचना हवी. ट्रक भरण्याआधी फिटरने चौकटीच्या पट्टीवर तांबड्या रंगात ठळक अक्षरांत लिहिलं: वाट्यांना हळद-कुंकू लावू नये. मजकूर माझा होता. खाली कानडीत तेच साहेबांनी लिहून दिलं. डेस्कवर इतकी वर्षं काढली, पण माझं एवढं टिकाऊ लिखाण दुसरं नाही.

लाल खुर्च्या मंडपवाला त्याच आठवड्यात घेऊन गेला. एक विसरला. ती अजून शेडमध्ये आहे आणि येणारे साहेब तिच्यावरच बसतात. मिलसाठी अशी यंत्रं आता शेडमध्ये होत असतात. पूजाही होते, फक्त वाट्यांना पूजेच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधतात.

गेल्या दसऱ्याला साहेबांनी मिलमधून दाजींच्या फोनवर एक फोटो पाठवला. पहिल्या यंत्राला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दाजींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि आधी वाट्या पाहिल्या. काळ्या, कोरड्या, स्वच्छ. मग फोटो वर सरकवला. सूचनेच्या पट्टीवर हळद आणि कुंकू इतकं लावलं होतं की मराठी वाचताच येत नव्हतं. कानडीतलं निम्मं दिसत होतं.

दाजींनी फोन आप्पांपुढे धरला. आप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"पाटीला लावलंय," ते म्हणाले. "लावू दे. पाटी कुठं पत्रा उचलतीया?"